चादरींखाली ठेवलेली चित्रं

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या ताई ६६ वर्षांच्या, सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या. यजमानांना पक्षाघात झाला, त्यानंतर सहा वर्षं घरी त्यांचं सगळं ताईंनीच केलं. ते जाऊन चौदा महिने झाले. लग्न होऊन आल्यापासून रोज पहाटे दारात रांगोळी काढायचा नेम होता, तो त्या दिवशी थांबला. ‘कोणी मना केलं नाही, मीच सोडली,’ असं त्या लिहितात. गेल्या पावसाळ्यात एका रात्री झोप लागेना, तेव्हा यजमानांच्या दवाखान्याच्या फाइलमधले कागद उलटे करून त्यांनी पेनाने रेघा ओढायला सुरुवात केली. आधी ठिपके, मग फुलं, मग यजमानांचा आखडलेला हात. तोच हात पुन्हा पुन्हा. एकदा नुसतं उघडं काळं तोंड. ही चित्रं त्या ट्रंकेत चादरींखाली ठेवतात. फुलांची दोन-चार चित्रं मुलाच्या हाती लागली. त्याने कौतुकाने कॅनव्हास, स्टँड, रंग आणले, मंडला म्हणजे वर्तुळातल्या नक्षीचा ऑनलाइन क्लास लावून दिला आणि येत्या वाढदिवसाला पुण्यात छोटं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. ‘आई आता सावरल्या,’ असं सून सगळ्यांना सांगते. ताईंचे प्रश्न असे: या वयात हे खूळ तर नाही ना? रीतसर शिकायला हवं का? आणि इतक्या भल्या माणसाची अशी भेसूर चित्रं माझ्या हातून का निघतात? जाळून टाकू का?

ताई,

‘मला चित्रकलेतलं काही कळत नाही, शाळेत एलिमेंटरीलाही बसले नव्हते,’ असं तुम्ही लिहिलंत आणि दोन ओळींनंतर चाळीस वर्षांच्या रांगोळीबद्दल लिहिलंत. नजरेने अंतर धरून ठिपक्यांच्या ओळी मांडायच्या, चिमटीतून पूड एकसारखी सोडत रेघ न्यायची, चुकलं तर तिथल्या तिथे नक्षी वळवून घ्यायची, आणि हे सगळं चहाचं आधण उकळायच्या आत. याला चित्र काढणं म्हणायचं नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

बहुधा शाळेनेच. महाराष्ट्रात आपल्या पिढीसाठी चित्रकला म्हणजे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. तांब्याची सावली कुठल्या बाजूला पडली, यावर ग्रेड. त्या परीक्षांनी अनेकांचे हात तयार केले, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण ज्यांना ग्रेड मिळाली नाही किंवा जे बसलेच नाहीत, त्यांनी ‘आपला हात चित्राचा नाही’ असा निकाल स्वतःच लावला आणि तो पन्नास वर्षं पाळला. दारातली रांगोळी, लेकराच्या दुपट्यावरचं भरतकाम, गोधडीच्या ठिगळांची जुळणी ही सगळी घरकामाच्या खात्यात जमा झाली. तेव्हा पहिली गोष्ट अशी की ६६व्या वर्षी तुम्ही चित्र काढायला लागलेल्या नाही. फक्त जमीन सोडून कागदावर आलात.

वयाचं म्हणाल, तर इंग्लंडात अठराव्या शतकात मेरी डिलेनी नावाची बाई होऊन गेली. १७६८ साली तिचा नवरा वारला. नंतर चारेक वर्षांनी, बहात्तरीत असताना, तिने रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या कागदावर चिकटवत एकेक फूल उभं करायला सुरुवात केली. पाकळी, देठ, परागसुद्धा. दहा वर्षांनी नजर साथ देईना तेव्हा थांबली. तोवर ९८५ फुलं झाली होती आणि ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मला या बाईत रस आहे तो वेगळ्याच कारणाने. त्याआधी आयुष्यभर तिने भरतकाम आणि कागदकापणी केली होती. म्हातारपणी हाताला नवं काही येत नव्हतं. आधीच येत होतं ते इतरांची सोय बघण्यातून मोकळं झालं.

आणि आपल्या शेजारी, मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातल्या लोढा गावच्या जोधइया बाई बैगा. मोलमजुरी करून पोरं वाढवली, नवरा गेला आणि सत्तरीच्या आसपास आशीष स्वामी या चित्रकाराच्या आग्रहावरून ब्रश हातात घेतला. वाघ, झाडं, मोहवृक्ष, आपल्या बैगा आदिवासी समाजातले देव त्या काढत राहिल्या. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४च्या डिसेंबरात त्या गेल्या. हे उदाहरण तुमच्यासाठी आहे, मुलाला सांगू नका. तो अर्ज भरायला घेईल.

आता ज्या प्रश्नासाठी तुम्ही खरं तर पत्र लिहिलंत, तिकडे येते.

भेसूर चित्रं. ‘काळा रंग म्हणजे नैराश्य’ असं काहीतरी तुम्ही मोबाइलवर वाचलंत आणि घाबरलात. ताई, चित्रं काळी आहेत कारण घरात काळ्या शाईचं पेन होतं. रंगांवरून मन वाचण्याचा हा जो फावल्या वेळातला उद्योग चालतो, त्यावर अजिबात विसंबू नका. कलेच्या मदतीने उपचार करणारे प्रशिक्षित लोकही चित्राकडे बघून परस्पर निदान करत नाहीत. ज्याने काढलं त्यालाच विचारतात. रवींद्रनाथ ठाकूर साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळले. आधी हस्तलिखितातल्या खोडलेल्या शब्दांना जोडून आकार काढायचे, मग स्वतंत्र चित्रं. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं. त्या चित्रांत काय आहे? विचित्र प्राणी, खिन्न चेहरे, अंधारातून बघणारे डोळे. इतकी गोड गाणी लिहिणाऱ्या माणसाच्या हातून हे आलं. गाण्यात जे मावलं नसेल, ते दुसरीकडे गेलं असेल, एवढंच मी म्हणेन.

तुमच्या बाबतीत काय कुठे मावलं नाही, ते तुम्ही स्वतःच लिहिलं आहे, जरा आडून. ‘सहा वर्षं मी एकदाही आवाज चढवला नाही.’ हे वाक्य तुम्ही अभिमानाने लिहिलंत आणि तो रास्त आहे. पण सहा वर्षं रात्री दोनदा उठून कूस बदलून देणारी बाई दमत नसेल? कधी मनात आलं नसेल की हे संपावं? आणि संपल्यावर, रडता रडता, कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं नसेल? आजारी माणसाची सेवा केलेल्या शेकडो घरांत हेच असतं आणि शेकडो घरांत ते बोलायची सोय नसते. ‘भला माणूस’ आणि ‘राग’ एका दमात उच्चारले तर काहीतरी पाप घडेल, अशी आपली समजूत असते. यजमान भले होतेच. तुम्हाला राग आला तो कदाचित त्यांचा नव्हताही. आजाराचा असेल, फिरकून न बघणाऱ्या नातेवाइकांचा असेल. पण रागाला चेहरा लागतो आणि समोर त्यांचाच होता. ते उघडं काळं तोंड त्यांचं आहे की तुमचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एकदा तो कागद काढून बघा. उत्तर मला कळवायची गरज नाही.

दुसरं एक विचारते. फुलं सोडली तर तुम्ही सांगितलेल्या चित्रांत यजमान आहेत, त्यांचा पलंग आहे, औषधांची पट्टी आहे. तुम्ही कुठे आहात? आणि यजमानसुद्धा शेवटच्या सहा वर्षांतलेच का? संसार चाळीस वर्षांचा. त्यातली चौतीस वर्षं त्यांचा हात धड होता. आजारपण असं करतं, आधीचं सगळं झाकून बसतं. मुद्दाम ठरवून ‘चांगले दिवस’ काढा असं मी म्हणणार नाही, ते मंडला क्लाससारखं होईल. पण एखाद्या दिवशी त्या हाताशेजारी, त्याला धरणारा तुमचा हात काढून बघा. काम करून सुजलेल्या पेरांसकट.

रांगोळीबद्दल. ‘कोणी मना केलं नाही’ यावर मी थोडी अडखळले. विधवा बाईने काय करू नये हे आपल्याकडे कोणाला तोंडाने सांगावंच लागत नाही, लहानपणापासून बघून ते अंगात भिनलेलं असतं. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याची राज्यभर चर्चा झाली. ठराव लागतो, कारण हे असं मुकाट्याने चालतं. तुम्ही दुःखाने रांगोळी सोडली असेल तर हरकत नाही, मन होईल तेव्हा पुन्हा काढाल. पण शेजारणी काय म्हणतील या धास्तीने सोडली असेल, तर तुमच्या दिवसाचा पहिला अर्धा तास, हातातली सगळ्यात जुनी सवय, तुम्ही विनाकारण गमावली आहे. या दोन्हींतलं खरं काय, ते तुम्हीच ठरवू शकता.

आता शिकण्याचा प्रश्न. क्लास कंटाळवाणा वाटतो म्हणता, तर बंद करा. चाळीस वर्षं ठिपके जोडलेल्या बाईला कोणी पंचविशीतली मुलगी ‘आता वर्तुळाचे आठ भाग करूया’ म्हणून शिकवते, हे चित्रच मला गमतीचं वाटतं. (मुलीची काही चूक नाही.) शिकणं वाईट नाही. हाताला हवं ते जमत नाही अशी चिडचिड होऊ लागली, की शिकावं. उद्या तुम्हाला त्यांचा चेहरा नीट काढायचा असेल आणि नाक जमत नसेल, तर गावातल्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांना गाठा आणि ‘फक्त नाक शिकवा’ म्हणा. पण मन मोकळं होण्यासाठी कौशल्य लागतं, ही समजूत सोडा. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये एक छोटा अभ्यास झाला. ३९ प्रौढांना पाऊण तास हवं ते बनवायला दिलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं आणि त्याचा आधीच्या अनुभवाशी संबंध दिसला नाही. जर्मनीत निवृत्त झालेल्या २८ जणांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी दहा आठवडे स्वतः चित्रं काढली, निम्म्यांनी संग्रहालयात बसून चित्रांवर चर्चा केली. मेंदूतल्या जोडण्यांत आणि मनाच्या चिवटपणात फरक दिसला तो काढणाऱ्यांत. दोन्ही अभ्यास लहान आहेत, पहिल्यात तर साठीपुढचं कोणी नव्हतंच. म्हणून यावरून मोठे दावे करू नयेत. आणि पहिल्या अभ्यासात चौथ्या हिश्शाच्या लोकांचं कॉर्टिसोल कमी झालं नाही, हेही विसरू नये. चित्र काढून कधी कधी जास्त ढवळून निघतं.

म्हणून थोडी बंधनं घाला. ही तुमच्यासारख्या, एकट्याने असं काही करू लागलेल्या सगळ्यांसाठी आहेत. मध्यरात्री अंथरुणात बसून काढू नका. संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, जेवणाच्या टेबलावर अर्धा तास. गजर लावा आणि वाजला की अर्धवट असलं तरी थांबा. मागे तारीख घाला, वाटलं तर एक ओळ लिहा, मग कागद ठेवून पोळ्यांची कणीक मळायला घ्या, किंवा फाटकापर्यंत चालून या. सुरुवात सुचत नसेल तेव्हा ठिपके मांडा. तुमच्या हाताला ते पाठ आहे आणि पाच मिनिटांत पुढचं आपोआप येतं. दवाखान्याचे कागद संपले असतील तर कार्ट्रिज पेपरचे सुटे ताव आणा. स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, महाग नसतात. चांगला जाड कागद आणला की तो वाया जाईल या भीतीने हात आखडतो. बोटं दुखत असतील तर बारीक पेनापेक्षा तैलखडू किंवा ६बीची पेन्सिल बरी, दाबावी लागत नाही. पोस्टर कलरची झाकणं उघडताना सांधे दुखत असतील तर तो नाद सोडा. मोतीबिंदू असेल तर पिवळसर दिसून निळा फिका वाटतो, तेव्हा ‘रंग चुकला’ म्हणून हिरमुसू नका, डोळे तपासून घ्या. आणि एकदा काळा कार्डशीट आणि पांढरा तैलखडू घेऊन बसा. सारवलेल्या अंगणाची सवय असलेल्या हाताला पांढऱ्या कागदापेक्षा तो सोयीचा पडेल, असा माझा अंदाज आहे.

चौदा महिन्यांनंतरही तोच हात काढावासा वाटतो, म्हणजे आजार झाला असं नाही. शोकाला मुदत नसते. पण झोप पार उडाली, जेवण सुटलं, माणसं नकोशी झाली, दिवसाची साधी कामंही होईनाशी झाली आणि हे महिनोन्महिने चाललं, तर त्याला डॉक्टरही आता प्रदीर्घ शोक म्हणून ओळखतात आणि त्यावर मदत मिळते. जगू नये असं मनात यायला लागलं, तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन वेगळी. चित्रांची वही समुपदेशकाची जागा घेत नाही. मात्र पहिल्या भेटीत शब्द फुटले नाहीत तर ती समोर ठेवता येते.

जाळायचं का? आत्ता नको. इतकी वर्षं तुम्ही काढलेलं चित्र दुसऱ्या सकाळी स्वतःच्या हाताने झाडून टाकत आलात, त्यामुळे न ठेवणं तुम्हाला नवं नाही, आणि चित्र टिकलंच पाहिजे असं मीही म्हणत नाही. पण रांगोळी तुम्ही पुसलीत ती तिचं काम झालं म्हणून. ही चित्रं जाळायची इच्छा शरमेपोटी आहे. त्या भरात केलेलं परत आणता येत नाही. ट्रंकेतून काढून फाइलला लावा आणि कपाटाला कुलूप घाला, म्हणजे कोणाच्या हाती लागण्याची भीती संपेल. आणखी वर्षभराने नकोशी वाटली तर खुशाल नष्ट करा, कोणाला विचारू नका.

कोणाला दाखवायचीच असतील तर एका माणसाला दाखवा. ‘छान’ आणि ‘हे काय काढलंस’ यांतलं काहीच न म्हणणारं माणूस हवं. पत्रात तुम्ही बँकेतल्या जुन्या मैत्रिणीचा उल्लेख केलाय, तिच्याही घरी आजारपण झालं होतं म्हणता. मला तीच योग्य वाटते.

राहिला मुलगा. प्रदर्शन त्याला सरळ नाही म्हणा, पण कॅनव्हास परत करू नका. ‘फुलांची चित्रं घे, तुझ्या घरी लाव, मित्रांना दाखव. बाकीची माझी आहेत. मी सावरले की नाही ते माझं मला ठरवू दे.’ एवढं पुरे, आवाज न चढवता सांगता येतं, आणि चढला तरी चालेल. फक्त एक लक्षात घ्या. त्याचेही वडील गेलेत. तो पुण्याहून शनिवार-रविवारी येत राहिला, सेवा तुमच्या वाट्याला आली, याचं त्याला काही वाटत नसेल असं नाही. आई सावरली, भिंतीवर फुलं लागली, म्हणजे आपलंही निभावलं, असा त्या प्रदर्शनाचा त्याच्यासाठी अर्थ असू शकतो. मी चुकत असेन. पण पुढच्या खेपेला तो आला की त्याने आणलेला एक कॅनव्हास त्याच्याच पुढे ठेवा आणि त्याला आठवणारे बाबा काढायला सांगा. नाही जमत म्हणेल. मग ठिपके मांडून द्या.